टर्कीची हाडं टाकू नका

नमस्कार मंडळी, पोटं अजून जडच असतील म्हणा! काल नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंग, म्हणजे अख्खा टर्की पक्षी भाजून खायचा इथला अमेरिकन सण झाला, आणि आज अर्धी न्यू जर्सी पहाटेपासून मॉलच्या पार्किंगमध्ये, सेलमधल्या एका टीव्हीसाठी थंडीत कुडकुडायची हौस कुठून येते देव जाणे, असो. तुमच्या फ्रीजमध्ये टर्कीचा सांगाडा असेल ना, तो टाकू नका. परत सांगते, हाडं टाकू नका.

आमची आत्या कोल्हापूरची. ती इथे आलेली तेव्हा शेजारच्यांनी आम्हाला या सणाचं जेवायला बोलावलं. टर्की तिने चाखली आणि हसऱ्या चेहऱ्याने मला म्हणाली, "लई कोरडी हाय गं." पण जेवणं झाल्यावर शेजारीणबाई अख्खा सांगाडा कचऱ्यात टाकायला निघाल्या तशी आत्या ताडकन उठली, "अगं सांग की तिला, रस्सा फेकून द्यायला लागलीया!" मी आपलं म्हटलं, आमच्या आत्याला हाडं हवीयेत. तर बाई काळजीने म्हणते, शिजलेली हाडं कुत्र्याला घालू नका हं! आमच्याकडे कुत्रा नाहीच.

घरी आणला तर तो कुकरमध्ये मावेना. आत्याने पदर खोचला, बत्त्याने बरगड्या मोडल्या, आतलं स्टफिंग, म्हणजे भरलेलं सारण, खरवडून काढलं, सेज नावाच्या पाल्याचा वास लागलेली कातडी बाजूला केली, आणि कांदा, आलं, लसूण, मिरी घालून मोठ्या पातेल्यात मंद गॅसवर ठेवलं. रात्री गाळून फ्रीजमध्ये. सकाळी बघते तर थलथलीत जेलीसारखं झालेलं, वर तुपासारखा चरबीचा थर. मग नारळाचं दूध, काजू-खसखशीचं वाटण, झाला टर्कीचा पांढरा रस्सा! शेजारी डबाभर दिला. संध्याकाळी बाई दारात, एका हातात रिकामा डबा, दुसऱ्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला तिच्या बहिणीच्या घरचा सांगाडा.

आता वेळ थोडाच उरलाय, तर पटकन. रस्सा नको असेल तर गाजर, सेलरी, कांदा घाला, साधं सूप होतं. खळाखळा उकळू नका, गढूळ होतं. मांस शेवटी घाला, आधी घातलं की दोऱ्या होतात. नूडल्स वेगळ्या शिजवा. आणि मीठ अगदी शेवटी, कारण टर्की बहुतेक वेळा मिठाच्या पाण्यात मुरवलेली असते, मीठ शेवटी बरं का! बाकी टर्कीतल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकाने झोप येते म्हणतात ना, ते चिकनमध्येही जवळपास तेवढंच असतं, झोप येते ती तिसऱ्या वाढपाने.

शिजलेली टर्की 2 तासांत फ्रीजमध्ये गेली असेल तरच वापरा, म्हणजे गुरुवारची सोमवारपर्यंत चालते, पुढे फ्रीजर. सूप परत गरम करताना चांगलं वाफाळू द्या, 165 फॅरनहाइटपर्यंत. चला, जाहिराती आल्या.