धुराचा रंग आणि धुराची वेळ

मंडळी, माझ्या गॅरेजमध्ये माणूस आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "भाऊ, गाडी काया धूर फेकस. इंजिन गयं का?" मी त्याला विचारतो, कधी फेकते? सकाळी चालू केल्या केल्या, की गरम झाल्यावर? उभी असताना, की चढाला? बहुतेकांना सांगता येत नाही. धुराचा रंग सगळे बघतात, वेळ कोणी बघत नाही. आणि निम्मं निदान तर वेळेतच असतं. जुन्या गाडीत घाम गाळून साठवलेले लाख-दोन लाख घालणाऱ्या माणसाला हे पैसे देण्याआधी कळावं, म्हणून आज मी इथे उभा आहे.

जुनी गाडी बघायला भल्या पहाटे जा. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गेल्यावर रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा. बॉनेटवर विसंबू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, सकाळी नऊला नुसत्या उन्हानेच बॉनेट तापलेलं असतं. पाइप कोमट लागला, तर गाडी आधीच फिरवून आणली आहे असं समजा. गरम इंजिन बरंच काही लपवतं.

चालू करताना एकाला मागे सायलेन्सरपाशी उभं करा. पेट्रोल गाडीने रात्रभर उभी राहून पहिल्या स्टार्टला निळसर भपका सोडला आणि मग धूर थांबला, तर बहुतेक वेळा वॉल सील, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ऑईल अडवणारे रबरी सील, कडक झालेले असतात. रात्रभरात ऑईल झिरपून आत उतरतं, ते पहिल्या झटक्याला जळतं. याची आणखी एक खूण घाटात दिसते. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवा, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. खाली आल्यावर पाय दाबा आणि आरशात बघा. उतारावर थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, बंद असतं, आत जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो सीलमधून ऑईल ओढतो. भपका आला तर काम हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं. डिझेलवर ही परीक्षा तितकी चालत नाही, कारण जुन्या डिझेलला तसं थ्रॉटल नसतं.

चढाला, भरल्या गाडीत निळा धूर थांबतच नसेल, तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्या. अशा वेळी इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण उघडायचं आणि तिथेच उलटं ठेवायचं. आमच्या भाषेत इंजिन बॅक मारत असेल, म्हणजे जळालेला वायू रिंगांच्या फटीतून खाली निसटत असेल, तर झाकण नाचतं, कधी उडून पडतं. थोडी थरथर चालते. पण तिथून धूर भकाभका येत असेल, तर ती गाडी सोडा. ते फुल इंजिन काम आहे.

पांढऱ्या धुराला लोक उगाच घाबरतात. जानेवारीत सकाळी दिसते ती पाण्याची वाफ, सायलेन्सरपासून हातभर अंतरावर विरून जाते. मेमध्ये तीच गाडी तशी वाफ दाखवणार नाही. गरम झाल्यावरही पांढरं येत राहिलं, वास गोडसर आला आणि कूलंटची बाटली दर आठवड्याला उतरत गेली, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, बघा. डिझेल गाडीत पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल, तर ते न जळलेलं डिझेल आहे. बिघाड थंड इंजिन तापवणाऱ्या ग्लो प्लगचा, डिझेल सोडण्याच्या टायमिंगचा, नाहीतर सिलिंडरमधल्या दाबाचा, म्हणजे कॉम्प्रेशनचा.

आता काळा धूर. त्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण यातच लोकांचे सर्वात जास्त पैसे वाया जातात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. इतकं साधं आहे, पण आपण धावतो फक्त डिझेलच्या मागे. नोझल बदला, पंप खोला. हवा कोणी बघत नाही. आमच्याकडे कापसाची धूळ, गावरस्त्याची माती. एअर फिल्टर झटकला की ओंजळभर निघते. मीही ही चूक केली आहे. एका गाडीचे चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, मी काढून तपासायला पाठवले, दोन दिवस गाडी अडवून ठेवली. इंजेक्टर चांगले निघाले. नंतर टर्बोकडून, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याकडून, येणाऱ्या जाड रबरी पाइपाखालून हात फिरवला, तर बोटांना ओलं काळं ऑईल लागलं. पाइपाला खालच्या बाजूने बोटभर चीर होती. उभ्या गाडीला ती मिटलेली, टर्बोने दाब दिला की उघडायची. म्हणूनच धूर फक्त रेस दिल्यावर यायचा. वेळेने उत्तर दिलं होतं, मी ऐकलं नव्हतं. त्या गिऱ्हाइकाकडून इंजेक्टरच्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

काळ्या धुराबरोबर गाडी उभ्या उभ्या हलत असेल, मिसिंग मारत असेल, तर मात्र चार सिलिंडरना डिझेल सारखं मिळत नाही असा अर्थ निघू शकतो. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, मिनिटाला ८०० फेरे (आरपीएम) धरा. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. चारातला एक कमी-जास्त पेटला, तर तो धक्का स्टिअरिंगला धरलेल्या हातात कळतो.

जुन्या, साध्या पंपाच्या जीपला आम्ही काय करायचो? इंजिन चालू असताना एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करायचो. ज्याचा सैल केल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच झोपलेला. आयटीआयच्या मुलांनो, इथे नीट ऐका. कॉमन रेल गाडीवर, म्हणजे जिथे एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाचं डिझेल मिळतं तिथे, हे करायचं नाही, म्हणजे नाहीच. गाडीच्या टायरात ३२ पौंड हवा असते. पहिल्या पिढ्यांच्या कॉमन रेलमध्येही डिझेलचा दाब १,६०० बारपर्यंत जातो, म्हणजे २३,००० पौंडांच्या वर. ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आतून बोट सडतं. असं झालं तर मलम लावून घरी बसू नका, तासाभरात शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्यात पोचा. डिझेलची गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा.

कॉमन रेलला परीक्षा बाटल्यांची. रावेरकडचे एक केळीवाले काका गाडी घेऊन आले होते. जुनी डिझेल हॅचबॅक, सहा महिन्यांपूर्वी घेतलेली. सकाळी सुरू व्हायला वेळ घ्यायची, आयडलला थरथरायची, अधूनमधून काळी फुंकर. एका गॅरेजने त्यांना हाफ इंजिन काम सांगितलं होतं. मी सारख्या मापाच्या चार बाटल्या घेतल्या, खोकल्याच्या औषधाच्या. प्रत्येक इंजेक्टरवरचा रिटर्नचा बारीक पाइप काढून तिथे पारदर्शक नळी लावली आणि एकेक नळी एकेका बाटलीत सोडली. इंजेक्टर उघडमीट करताना थोडं डिझेल परत पाठवतोच. आतून झिजलेला जास्त पाठवतो आणि रेलमधला दाब खातो. इंजिन चालू केलं, पाच मिनिटं आयडलला ठेवलं. काका बॉनेटवर वाकून बघत होते. पहिली, दुसरी आणि चौथी बाटली बोटाच्या एका पेराएवढी भरली. तिसरी गळ्यापर्यंत आली. काकांनी मला काही विचारलंच नाही, तिसऱ्या बाटलीवर बोट ठेवलं.

एक इंजेक्टर बदलला, इंजिन उघडलं नाही. नव्या इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो, तो स्कॅनरने गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. प्रत्येक इंजेक्टरची डिझेल सोडण्याची सवय किंचित वेगळी असते, ती त्या कोडात असते. कोड न भरता गाडी हातात देणारे आहेत, आणि मग नवा इंजेक्टर टाकूनही गाडी हलते म्हणून गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देतं.

पेट्रोल गाडीवाल्यांना एवढंच सांगतो: प्लग काढले की क्रमाने ओळीत ठेवा. चारही बिस्किटासारखे तपकिरी, तर ठीक. चारही कोरडे काळे, तर बिघाड सगळ्यांना सामाईक, म्हणजे फिल्टर, सेन्सर, पेट्रोलचा दाब. एकच काळा, तर त्या सिलिंडरचं कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी प्लगला वीज देणारा भाग, किंवा इंजेक्टर. एकच ओला तेलकट, तर पुन्हा सील आणि रिंग. स्कॅनर पी०३०३ दाखवेल, म्हणजे तिसरा सिलिंडर नीट पेटत नाही, मिसफायर. का, ते तो सांगणार नाही. तिसऱ्याचं कॉइल दुसऱ्याला लावा. कोड पी०३०२ झाला, तर कॉइल गेलं. तिथेच राहिला, तर पुढे शोधा. या अदलाबदलीला एक रुपया लागत नाही.

बाहेर अंगणात मी एक गाडी मुद्दाम रात्रीपासून उभी करून ठेवली आहे. दोघं जण मागे सायलेन्सरपाशी उभे राहा, एकाने ऑईलच्या झाकणाकडे या. चालू करायच्या आधी पाइपाला हात लावून घ्या, मग चावी फिरवतो.