सही करण्याआधी

(दृश्य: लॉस एंजेलिस. शाळेतली बैठकीची खोली.)

टेबलाच्या एका बाजूला वर्गशिक्षिका, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, शाळेचे अधिकारी. दुसऱ्या बाजूला एकटी आई. समोर कागदांचा गठ्ठा, सगळा इंग्रजीत. याला म्हणतात आयईपी: अपंगत्व असलेल्या मुलाला वर्षभर काय, किती आणि कोण शिकवणार, त्याचा आराखडा. आईला येते फक्त स्पॅनिश.

कधी कधी सोबत आलेल्या थोरल्या मुलीलाच दुभाषी करतात. भावाच्या अपंगत्वाचा अहवाल आईला समजावायचा, तोही शाळकरी पोरीने!

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रे. कॅलिफोर्नियातले शेतमजूर.)

भाषेची किंमत इथल्या मुलांनी आधीच मोजली आहे. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांची बुद्धिमत्ता चाचणी इंग्रजीत घेतली आणि त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासल्यावर बहुतेकांचा त्या वर्गाशी संबंधच नव्हता. 'डायना' नावाने ओळखला जाणारा तो खटला १९७० मध्ये तडजोडीने मिटला. मुलाची तपासणी त्याच्या भाषेत करायची, हे तिथून रुजलं.

पुढे १९७५ मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा आला. आज बैठकीला दुभाषी लागला, तर तो शाळेने आणायचा. संमती घ्यायची तीही पालकांना समजेल अशा भाषेत. कॅलिफोर्नियात तर आयईपीची स्पॅनिश प्रतही मिळते. पण मागितली तर.

घोडं नेमकं इथेच अडतं. मागायचं असतं, हे सांगणार कोण? शिवाय मास्तरीणबाईंना उलट विचारणं म्हणजे उद्धटपणा, हा संस्कार या घरांतही आहे. आपल्याला तो नवा नाही.

(दृश्य: एका घराची बैठक. सात-आठ बायका, कॉफी, फायली.)

'फिएस्ता एदुकातिवा' ही संस्था १९७८ पासून लॉस एंजेलिसमध्ये हेच सांगत आली आहे, स्पॅनिशमध्ये. इतर ठिकाणी 'प्रोमोतोरा', म्हणजे त्याच समाजातल्या कार्यकर्त्या, घरोघरी जातात. अनेकदा त्या स्वतःच स्वमग्न मुलांच्या आया असतात. त्यांचं ऐकलं जातं, कारण अशा बैठकीत घाम त्यांनाही फुटलेला असतो.

त्या शिकवतात ते साधंच. मागणी तोंडी नको, लेखी द्या. तारीख घाला. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. आणि कागद वाचून झाल्याशिवाय सही नाही.

(दृश्य: पुन्हा तीच खोली. आता दुभाषी शेजारी बसली आहे.)

पेन पुढे सरकवलं जातं. आई ते घेत नाही. ती गठ्ठा उचलते, पिशवीत घालते आणि स्पॅनिशमध्ये म्हणते, "घरी नेऊन वाचते."