मानेतली गादी

लालबागच्या चाळीतल्या या खोलीत सकाळी आठपासून शिलाईयंत्र सुरू असते. वर्षानुवर्षे ब्लाऊज शिवत आलेल्या या ताईंची मान कापडावर किती झुकते, ते नीट पाहावे. माणसाचे डोके साधारण ५ किलो भरते. पण मान जसजशी पुढे वाकते, तसतसा मणक्यांवरचा भार कित्येक पटींनी वाढत जातो. गेल्या पावसाळ्यात ताईंच्या उजव्या दंडातून कळ निघू लागली, अंगठ्याला आणि तर्जनीला मुंग्या येऊ लागल्या आणि सुईत दोरा ओवणेही जमेना.

एमआरआयच्या या चित्रात त्याचे कारण दिसते. मानेत ७ मणके असतात. त्यांतल्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी मागे फुगून नस दाबते आहे. ‘गादी सरकली’ असे आपण म्हणतो खरे, पण गादी जागची हलत नाही. तिचे बाहेरचे कडे चिरते आणि आतला मऊ गर बाहेर येतो. हा गर शरीर हळूहळू शोषून घेऊ शकते, आणि बहुतेक रुग्णांचा त्रास ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बराचसा ओसरतो. रुग्णाला हे पहिल्याच भेटीत सांगितले जावे, असा आमचा आग्रह आहे.

देशातले फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय इथून जवळच, परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. ताई शिकल्या तो व्यायाम हा असा: पाठ भिंतीला टेकवायची, नजर समोर ठेवायची, मान वर-खाली न करता हनुवटी सरळ मागे ओढायची, पाच अंक मोजायचे आणि सोडायचे, असे दहा वेळा. मग तळहात कपाळावर ठेवून डोके त्यावर हलकेच रेटायचे, मान मात्र तसूभरही हलू द्यायची नाही. कळ हातात आणखी खाली उतरू लागली, तर व्यायाम तिथेच थांबवायचा. जोडीला डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि गरजेप्रमाणे ट्रॅक्शन, म्हणजे मान हलकेच ताणून धरण्याचा उपचार, असतो. मानेचा पट्टा मोजकेच दिवस वापरावा, कारण तो सतत बांधल्याने स्नायू दुबळे होतात. सलूनमध्ये झटक्याने मान मोडून घेणे मात्र पूर्ण टाळावे. त्यातून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

हाताची ताकद घटत चालली, बटणे लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू दबला असण्याची शक्यता असते आणि शल्यचिकित्सकाला तातडीने दाखवावे लागते.

ताईंच्या यंत्राखाली आता दोन जाड फळ्या आहेत, आणि दर अर्ध्या तासाने हातातले काम ठेवून त्या गॅलरीत येऊन भिंतीला पाठ टेकतात.