ऑर्गन आणि शुभवर्तमान

(ऑर्गनचे सूर. हळूहळू खाली.)

पॅरिस, 1899. शार्ल-मारी विडोर हे ऑर्गनवादनातलं त्या काळचं मोठं नाव. पण चर्चमधल्या स्तोत्रांच्या चालींवर बाख या जर्मन संगीतकाराने बांधलेल्या काही रचना त्यांना कोड्यात टाकायच्या. मध्येच सूर असे का वळतात, तेच कळेना. 24 वर्षांच्या शिष्याला त्यांनी हे बोलून दाखवलं. शिष्याचं उत्तर साधं होतं: मूळ स्तोत्रांचे शब्द वाचा.

मग त्यानेच एकेका जर्मन स्तोत्राचा अर्थ फ्रेंचमध्ये सांगितला आणि कोडी सुटत गेली. आदामाच्या पतनाचं स्तोत्र घ्या. बाख तिथे पायपट्ट्यांवरचे स्वर अक्षरशः खाली कोसळवतो!

हा शिष्य म्हणजे अल्बर्ट श्वाइट्झर. आल्सासमधल्या गुन्सबाखच्या पाळकाचा मुलगा, नवव्या वर्षीच चर्चमध्ये ऑर्गनवर बसलेला. विडोर यांच्या आग्रहावरून त्यांनी बाखवर लिहिलेलं पुस्तक 1905 मध्ये फ्रेंचमध्ये आलं.

पाठोपाठ 1906 मध्ये त्यांचा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ आला आणि त्याने खळबळ उडवली. येशूचं चरित्र शोधायला निघालेल्या विद्वानांची त्यात झाडाझडती होती. जो तो आपल्या पसंतीचा येशू रंगवतो, सभ्य, समजूतदार, थेट एकोणिसाव्या शतकातला, असं श्वाइट्झर यांचं म्हणणं. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रकथांतला येशू मात्र देवाचं राज्य अगदी दाराशी आलंय असं धरून बोलतो. आणि ते तर आलं नाही. ही अडचण श्वाइट्झर यांनी झाकली नाही. मूळ शब्दांकडे जायचं, ते गैरसोयीचे असले तरी. ही सवय त्यांना बाखनेच लावली असावी.

पुढे ते डॉक्टर झाले. आफ्रिकेत धर्मप्रसार करणाऱ्या पॅरिसच्या मिशनला त्यांच्या मतांची धास्ती, म्हणून प्रवचन न करण्याचं वचन देऊन 1913 मध्ये ते आज गॅबॉनमध्ये असलेल्या लांबारेनेला गेले. पॅरिसच्या बाख सोसायटीने सोबत पियानो दिला होता: दमट हवेत टिकेल असा, आतून जस्ताचा पत्रा लावलेला आणि ऑर्गनसारख्या पायपट्ट्या असलेला. आफ्रिकी माणूस आपला भाऊ, पण धाकटा, असंही ते लिहून गेले. तो वडीलकीचा सूर आज खटकतो, आणि खटकायलाच हवा.

प्रवचनबंदीचं म्हणाल, तर लांबारेनेच्या मिशनऱ्यांना पॅरिसच्या शंकांशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांनीच डॉक्टरांना वचनातून मोकळं केलं आणि प्रवचनाला उभं केलं.