ब्रेक, ऑइल आणि एरंडेल

(साखरप्यातल्या एका व्याख्यानाचा संपादित भाग)

अध्यक्षमहाराज आणि छत्र्या सांभाळत आलेल्या मंडळींनो, पत्रिकेवर विषय छापलाय 'जुन्या ट्रकचे ड्रम ब्रेक : दुरुस्ती आणि सेटिंग'. तो मी घेणारच आहे. पण त्याआधी एका शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. घरात ती सांगायला लागलो की माणसं उठून जातात. तुम्ही जाणार नाही, कारण बाहेर पाऊस आहे.

तो शब्द म्हणजे 'ब्रेक ऑइल'.

आमच्या काकांची फार्गो होती. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज आणि फार्गो ट्रक व्हायचे. पाटी वेगळी, गाडी तीच. आंबा घाटाने वर हापूसच्या पेट्या जायच्या, येताना गूळ नि कांदे. मे महिन्यात मी क्लीनर. गाडी थांबली रे थांबली की दगड घेऊन उडी मारायची आणि चाकाखाली सारायचा, हे क्लीनरचं मुख्य काम. त्यात मला दगडाची पारख आली. जांभा घ्यायचा नाही, वजन आलं की फुटतो. काळा दगड हवा.

एका जूनच्या तोंडावर पेडल जरा खाली जायला लागलं. घाटावरच्या एका गॅरेजात थांबलो. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं आता भल्या माणसांत आहेत. तिथल्या पोराने ब्रेकच्या टाकीचं झाकण उघडलं, म्हणाला, "ऑइल कमी आहे," आणि कोपऱ्यातल्या डब्यातलं इंजिन ऑइल ओतलं. काकांनी विचारलं, "हे चालतं?" तो म्हणाला, "ऑइल ते ऑइल."

गंमत अशी की दोन दिवसांत पेडल चक्क वर आलं! काका खूश. त्या पोराला आंब्याची पेटी पाठवायचीही भाषा झाली. मग घाट उतरताना जळका वास. गाडी उतारावरसुद्धा ओढल्यासारखी चालायला लागली. हबला हात लावला, तर फोड आला. कशीबशी घरी आणली आणि अंगणात उभी केली. आंबा संपलेला, चिऱ्याच्या खाणी पावसाने बंद, मग ट्रक कोण हलवतो? नारळी पौर्णिमेनंतर स्टार्ट केला, क्लच सोडला, तर इंजिन गचके खाऊन बंद पडतंय आणि मागची चाकं जागची हलत नाहीत. फिरायचं नाव नाही.

चाक खोलायला घेतलं. पान्याला पाइप लावून दोघे लोंबकळले आणि एक स्टड तोडला. तेवढ्यात कुडाळचे मिस्त्री आले. म्हणाले, "अरे मेल्यांनो, डाव्या चाकाचे आटे उलटे असतत!" आम्ही दोघे मिळून नट आवळत होतो.

ड्रम निघायला पूर्ण दिवस गेला. ओतीव लोखंडाचा ड्रम, खारी हवा आणि त्याला चिकटून बसलेले शू, म्हणजे ब्रेक दाबला की ड्रमला आतून घासणाऱ्या कमानी. गंजाने सगळं एकजीव झालेलं. शेवटी शूंना ढकलणारे चाकातले व्हील सिलिंडर उघडले. आतले रबरी कप फुगून बुळबुळीत झालेले. मिस्त्रींनी एक चिमटीत धरला नि म्हणाले, "ह्या रबर नाय रे, घावन झाला!"

तर आता कारण ऐका. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, ते ऑइलच नाही. तो ग्लायकॉलचा द्रव आहे, आणि आतलं रबर त्याच्याशी जमेल असंच निवडलेलं असतं. खनिज तेल लागलं की ते फुगतं. पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरमधला कप फुगला की दाबलेला द्रव टाकीत परतायचं बारीक भोक बंद होतं. पाय काढला तरी दाब राहतो, शू ड्रमला घासत राहतात. पेडल वर आलं होतं ते यामुळे. ब्रेक सुटतच नव्हते!

यात एक खोच आहे. सुरुवातीच्या काळात ब्रेकच्या द्रवात खरोखर तेल असायचं : एरंडेल, त्यात अल्कोहोल. एरंडेल त्या रबराला बाधत नाही. आमची आजी रविवारी आम्हालाही पाजायची, तेही ब्रेकसाठीच. फक्त सोडायच्या.

ग्लायकॉलची दुसरी खोड म्हणजे ते हवेतलं पाणी पितं. 'डॉट ३' या दर्जाचा ताजा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये. पाणी मुरलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. उतारावर तो उकळला की पाइपात वाफ, पाय फळीपर्यंत. आपल्याकडे चार महिने हवाच ओली. अर्धा डबा पुढच्या वर्षाला ठेवू नका.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, सेटिंग.

गाडी सपाट जागी. फार्गोचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो, म्हणून मागचं एक चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे, तो काहीच धरत नाही. बाकीच्या चाकांना दगड, जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड. ड्रम गार हवा. तापला की ड्रम फुगून शूपासून लांब जातो, तेव्हाची सेटिंग खोटी. आमच्या गाडीला बॅकप्लेटच्या, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या, मागे प्रत्येक शूचा कॅमचा बोल्ट आहे. चाक पुढे फिरवत पुढचा शू पकडेपर्यंत तो आवळा, मग चाक मोकळं होईल इतपतच सोडा. मागच्या शूला चाक उलटं फिरवत तसंच. शू ज्यांवर टेकतात त्या खालच्या अँकर पिनना, नवीन लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) बसवल्याशिवाय हात लावू नका. लायनरला ग्रीस लागलं असेल तर पुसत बसू नका, दोन्ही बाजूंचे बदला. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

पेडलचं म्हणाल तर : दुसऱ्या पंपाला वर येऊन कडक झालं, तर सेटिंग हवी. स्पंजासारखं लागलं, तर हवा काढा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, आणि चाकामागचं हवा सोडायचं निप्पल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. पाय ठेवल्या ठेवल्या हळूहळू बुडत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसली, तर मास्टर सिलिंडरचे कप गेले. ऑइल ओतू नका... बघा, मीसुद्धा ऑइलच म्हणालो.

प्रश्न बाहेर घेऊ. फार्गो वडाखाली उभी आहे, पोरांनी बघावी, चढावी. फक्त मागच्या चाकाखालचा काळा दगड कोणी काढू नका, सेटिंग अजून अर्धीच झाली आहे.