माऊस कुणाच्या हातात?

नमस्कार श्रोतेहो.

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानापुढे कशी झुंबड उडते, ते तुम्ही पाहिलंच असेल. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि ही झुंबड आणखी वाढली. मुलगी बाकड्यावर बसलेली, वडील खिशातून पैसे काढतायत आणि फॉर्म भरतोय दुकानदार. पासवर्ड त्यानंच ठरवला, पसंतीक्रमही त्यानंच लावला, घाईगडबडीत मोबाइल नंबरसुद्धा कधीकधी त्याचाच पडतो. मग ओटीपी भलत्याच फोनवर जातो आणि पुढची धावाधाव वडिलांच्या वाट्याला येते. दुकानदाराला मी बोल लावत नाही, त्याच्यापुढे रांग असते. पण जिनं तीन वर्षं शाळेत कॉम्प्युटरचा तास केला, तिला स्वतःचा फॉर्म स्वतः का भरता येऊ नये?

मी हायस्कूलमध्ये हाच विषय शिकवते, म्हणून थोडं स्पष्ट बोलते. बहुतेक ठिकाणी आम्ही मुलांना कॉम्प्युटरची माहिती देतो. सीपीयूचं लांबलचक नाव, रॅम आणि रॉममधला फरक, पहिल्या पिढीत व्हॅक्यूम ट्यूब, दुसऱ्या पिढीत ट्रान्झिस्टर. मुलं हे घडाघडा म्हणून दाखवतात. त्यातल्याच एकाला म्हणावं, "आत्ता टाइप केलंस ते पत्र कुठे आहे, काढून दाखव," तर तो स्क्रीनकडे बघत बसतो. त्याच्या फोनमध्ये फोटो गॅलरीत असतात, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. फाईल नावाची वस्तू असते, तिला आपण नाव द्यायचं असतं आणि जागाही आपणच ठरवायची असते, हे त्याला फोननं कधी कळूच दिलेलं नाही. फोन सराईतपणे वापरणाऱ्या पोराला कॉम्प्युटर वेगळा काय शिकवायचा, असं पालक विचारतात. याचसाठी शिकवायचा.

म्हणून सुरुवातीचे काही आठवडे मी फाईल-फोल्डरशिवाय दुसरं काही काढत नाही. वर्गाचा फोल्डर, त्यात हजेरी नंबराचा फोल्डर, त्यात विषयांचे. मग मुलं नसताना मी काही फाईली मुद्दाम इकडच्या तिकडे करून ठेवते आणि शोधायला लावते. 'न्यू फोल्डर तीन'मध्ये 'अनटायटल्ड चार' सापडली की ज्याची फाईल त्यालाच हसू फुटतं. त्यानंतर नावं देण्याविषयी माझं भाषण लागत नाही.

मग फोटो. शिष्यवृत्तीचा फॉर्म असो की परीक्षेचा, फोटो ५० केबीच्या आत हवा, अशी काहीतरी अट असतेच. आणि फोनवर काढलेला फोटो असतो तीन-चार एमबीचा, म्हणजे साठ ते ऐंशी पट मोठा. इथेच निम्मे लोक दुकान गाठतात. खरं तर काम किरकोळ आहे. आधी नको तेवढी भिंत नि पडदा कापून टाकायचा, मग लांबीरुंदी कमी करायची, मूळ फोटो तसाच राहावा म्हणून दुसऱ्या नावानं सेव्ह करायचं आणि राइट क्लिक करून साइझ बघायची. तरीही ६२ केबी आली तर लांबीरुंदी आणखी थोडी घटवायची. मुलं स्वतःच्या फोटोवर हे दोन-तीनदा करतात, तेव्हा केबी म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. जाता जाता एक गंमत सांगते. आपल्या देशात शाळांमध्ये कॉम्प्युटर नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ चा, 'क्लास' नावाचा प्रकल्प. त्यात बीबीसी मायक्रो नावाची यंत्रं होती. त्या यंत्राच्या नेहमीच्या मॉडेलची मेमरी होती ३२ केबी. आजचा फॉर्मचा फोटोसुद्धा तिच्यात मावला नसता!

आता मराठी टायपिंग. मुलं मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत, आणि पुढचं फोनवर सोडून देतात. मी इन्स्क्रिप्ट शिकवते, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं मराठी अक्षर याची ठरलेली मांडणी. हा कीबोर्ड बहुतेक कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असतो, फक्त सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. मात्रा डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजनं उजव्या. के दाबला की क, शिफ्ट धरून तोच दाबला की ख. आय वर ग आणि घ, एल वर त आणि थ, एच वर प आणि फ. ज्याला वर्णमाला येते त्याला हे पाठ करावं लागत नाही. फक्त पहिल्या वेलांटीशी मुलं अडखळतात. वहीत आपण वेलांटी आधी काढतो आणि अक्षर मागून. इथे आधी अक्षर, मग वेलांटी. जोडाक्षरासाठी मध्ये डी दाबायचा, तिथे हलन्त आहे, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण. आणि समुद्र या अर्थी 'दर्या' लिहायचा तर द नंतर र साठी जे, मग डी आणि मग य. डोंगरातल्या 'दऱ्या' हव्या असतील तर तो जे शिफ्ट धरून. फळ्यावर हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून मी मुलांना सोडते, आणि पाचेक मिनिटं वर्गात फक्त बटणांचा आवाज असतो. मंत्रालयापासून तहसीलपर्यंत लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र मागतात. नववीत बोटं बसली तर पुढे क्लासची फी वाचते.

एक्सेल, म्हणजे आकड्यांचे तक्ते नि हिशोब करायचा प्रोग्राम, त्यासाठी पुस्तकात गुणपत्रिका दिलेली असते. ती मी सोडून दिली. आमच्याकडे निम्म्या घरांत जनावरं आहेत, तर मुलांना डेअरीच्या पावत्या आणायला सांगते. तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, आणि दर. लिटर गुणिले दर हे सूत्र एकदा लिहायचं आणि माऊसनं खाली ओढायचं. दहा दिवसांची बेरीज येते, तीतून पेंडीची कपात, वडिलांनी घेतलेली उचल वजा करायची आणि डेअरीच्या बिलाशी ताडून बघायचं. एका मुलीनं आकडे चढवता चढवता विचारलं, बाई, संध्याकाळचं फॅट सकाळपेक्षा जास्त का लागतं? रात्री दोन धारांमधलं अंतर मोठं असतं, म्हणून सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी. हे तिला विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, मला येत होतं अशातला भाग नाही. पण प्रश्न निघाला तो तक्त्यातून.

हे सगळं करायला यंत्रं कुठे आहेत, असं तुम्ही म्हणाल. २००४ साली केंद्राची शाळांसाठीची आयसीटी, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाची योजना आली, पुष्कळ शाळांना लॅब मिळाल्या. त्यातल्या कित्येक यंत्रांचं आता वय झालंय. वीज जाते, यूपीएसची बॅटरी बसलेली असते. मी सांगितलेल्यापैकी जवळपास कशालाच इंटरनेट लागत नाही, आणि टायपिंग आणि तक्त्यांसाठी लिब्रे ऑफिस फुकट मिळतं, जुन्या यंत्रावरही चालतं. माझी खरी तक्रार वेगळी आहे. एका यंत्रापुढे चार मुलं बसली की माऊस एकाच्याच हातात राहतो. तो बहुधा मुलगा असतो, आणि बहुधा ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तोच. बाकीच्या तिघांचा तास बघण्यात जातो. मुली तर मागे उभ्या. यावर मी एक नियम केलाय. ज्याला येतं त्यानं फक्त तोंडानं सांगायचं, हात खिशात. ज्याला येत नाही त्याच्या हाती माऊस. मी टाळी वाजवली की जागा बदलायच्या. हुशार पोरं पहिल्यांदा वैतागतात. 'इथे कर, तिथे कर' म्हणून भागत नाही, 'डाव्या कोपऱ्यात वर फाईल लिहिलंय तिथे' असं नीट सांगावं लागतं.

परीक्षाही मी अशीच घेते. मुलाला पेनड्राइव्ह देते. त्यात एक मोठा फोटो आणि दहा ओळींचा हिशोब. मुख्याध्यापकांच्या नावे मराठीत रजेचा अर्ज टाइप करायचा, फोटो लहान करायचा, बेरीज काढायची, तिन्ही फाईली स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून पेनड्राइव्ह नीट इजेक्ट करून परत द्यायचा. वेळ एक तास. शेजाऱ्याला विचारलं तरी चालतं, फक्त त्यानं बटणाला हात लावायचा नाही. व्याख्या लिहा, असा प्रश्न त्यात एकही नसतो, आणि रॅमचं लांब नाव अजून एकाही पालकानं मला विचारलेलं नाही.

नमस्कार.