दहाची पेज

(दृश्य: वेंगुर्ले तालुक्यातलं एक घर. मागीलदारी पेटलेली चूल, मडक्यात रटरटणारी पेज.)

सकाळचे दहा. तळकोकणात ही पेजेची वेळ. पहाटे चहा पिऊन शेतावर गेलेला माणूस दहाला घरी यायचा तो पेज जेवायला. उकड्या तांदळाची गरम पेज, चवीला मीठ, बाजूला कुळथाची पिठी नाहीतर वालीची भाजी. काहीच नसलं तर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. मग दुपारच्या जेवणापर्यंत भुकेचं नाव नाही.

(दृश्य: तिठ्यावरचं, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथलं दुकान. दारात टांगलेल्या पाकिटांच्या माळा.)

आज सुट्टीच्या दिवशी दहा वाजता मुलं इथे असतात. पाच-दहा रुपयांचे वेफर्स, क्रीमची बिस्किटं, लाल-पिवळं काहीतरी कुरकुरीत. मोठी माणसं चहात खारी बुडवतात. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा पिशवीतून फरसाणाचे पुडे निघतात, आणि ते संपले की तेच पुडे इथल्या दुकानात मिळतात. दुपारी आणि रात्री घरोघर अजून भात, आमटी, मासळी शिजते. बिघडली आहे ती मधली भूक. घरचं खाणं सुधारायचं तर सुरुवात तिथून करू या.

हे आताच का? 2023 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 'आयसीएमआर-इंडियाब' या देशव्यापी मधुमेह अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज त्यात होता. राज्यांमध्ये सगळ्यात वर होता गोवा, 26.4 टक्के. बांद्याचा नाका ओलांडला की गोवा. त्यांच्या ताटात आणि आपल्या ताटात फरक तो किती? भात, मासे, नारळ. आता कोणी म्हणेल, आमचे आजोबा तिन्ही त्रिकाळ भात जेवून नव्वदी गाठून गेले. गेले असतील. पण ते नांगर धरत होते, माडावर चढत होते, बाजाराला चालत जात होते. आपण तिठ्यापर्यंत जायलासुद्धा स्कूटर काढतो. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणणार नाही. आजोबांची पेज नातवाने जरूर घ्यावी, आजोबांएवढा भात घेऊ नये.

(दृश्य: खळ्यात वाळत घातलेलं उकडलेलं भात.)

या पेजेतला तांदूळ वेगळा. भात टरफलासकट भिजवायचं, उकडायचं, खळ्यात वाळवायचं आणि मग गिरणीवर न्यायचं. उकडताना बाहेरच्या थरातलं ब-1 जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतं. त्यामुळे गिरणीत कोंडा निघाला तरी ते सगळं कोंड्याबरोबर जात नाही. शिवाय पेजेचं पाणी आपण ओतून देत नाही, पितो.

चुलीपुढे बसायला वेळ कुणाला आहे, हा प्रश्न खरा. या घरातली सून सकाळीच काजूच्या कारखान्यात कामाला जाते. पेज लावतात सासरे, आणि तीही कुकरला. तांदूळ रात्री भिजत घातलेला असतो. सकाळी त्यात सात-आठ पट पाणी. कुकर मात्र अर्ध्याच्या वर भरायचा नाही, नाहीतर सगळी पेज शिट्टीतून बाहेर. पाच-सहा शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. बाकी काम आतली वाफ करते. आजीचं काम फक्त हाक मारायचं: "पेज खाऊन घे, मगे खेळूक जा!"

(दृश्य: जातं. भाजलेले कुळीथ. पीठ.)

पण नुसती पेज म्हणजे शेवटी भातच. तिला जोड हवी, आणि कोकणात ती जोड कुळीथाची. भातकापणी झाली की मळ्यात जी ओल उरते, तिच्यावरच हे पीक येतं. वेगळं पाणी द्यावं लागत नाही, फारशी निगाही नाही. शंभर ग्रॅम कुळीथात वीस ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात, लोहही चांगलं असतं. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. तरीही अनेक घरांत पिठी अजून गरिबाचं कालवण समजली जाते. पाहुणे आले की ती लपवतात आणि पनीर आणायला माणूस धावतो.

पिठी करायला पंधरा मिनिटं पुरतात. चमचाभर तेलात ठेचलेला लसूण, तो लालसर झाला की कांदा आणि हिरवी मिरची. वर पाणी, मीठ, दोन-तीन आमसुलं. कुळीथाचं पीठ वेगळ्या वाटीत गार पाण्यात कालवून घ्यायचं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. कालवलेलं पीठ हळूहळू ओतत ढवळायचं. दाट झाली, चांगली उकळली, वर कोथिंबीर आणि थोडं ओलं खोबरं. थोडं म्हणजे थोडंच. माड आपल्या परड्यातला असला तरी खोबऱ्यातली बहुतेक चरबी संपृक्तच असते, म्हणजे हृदयासाठी बेतानेच खावी अशी. आणखी एक गोष्ट: पिठी खाऊन लगेच चहा नको. चहातले टॅनिन, म्हणजे त्याला तुरटपणा देणारे घटक, लोह शरीरात नीट शिरू देत नाहीत. तासभर थांबा. पिठीवर लिंबू पिळलंत तर मात्र उलट फायदा, लोह जास्त शोषलं जातं.

(दृश्य: डोंगरउतारावरची नाचणी.)

ज्यांना पेज नको त्यांच्यासाठी नाचणी आहे. वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत, उतारावर येणारं हे धान्य. शंभर ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम. पांढऱ्या तांदळात ते 10 च्या आसपास. पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवलं की आंबील तयार. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 पासून कोकणातल्या पिकांवर काम करतंय, नाचणी आणि कुळीथाच्या सुधारित जातीही त्याने दिल्या आहेत. म्हणजे बियाण्याची अडचण नाही. दुकानात मिळणारी नाचणीची बिस्किटं मात्र पाठ उलटून वाचा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिला मैदा, दुसरी साखर आणि नाचणी चौथी असेल, तर ती मैद्याची बिस्किटं.

(दृश्य: पाऊस. टोपलीत टाकळा, भारंगी, फोडशी.)

पावसाळ्यात तर भाजीसाठी बाजारात जायचंही कारण नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवग्याचा पाला, घराच्या मागचं अळू. ओळखीची तेवढीच तोडा. ओळखत नसाल तर जाणत्या बाईला विचारल्याशिवाय हात लावू नका.

(दृश्य: मालवणचं बंदर. संध्याकाळ. पाट्यांमधली मासळी.)

आता मासळी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत घरात सुकं असतं. सुक्या मासळीत मीठ भरपूर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. सुकट, बांगडा दोन पाण्यांनी धुवा, थोडा वेळ भिजत ठेवा, आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका.

हंगाम सुरू झाला की सगळ्यांचे डोळे सुरमई आणि पापलेटवर. सुरमईला रवा लावायचा आणि तेलात सोडायची, म्हणजे मालवणी जेवण, हा समज हॉटेलच्या थाळीने करून दिला. घरात रोज असं कोणी तळत नव्हतं. तेल इतकं होतं कुठे? खरं तर शेजारच्या पाटीतली तारली आणि बांगडा स्वस्त, आणि हृदयाला चांगलं असलेलं ओमेगा-3 त्यांच्यात भरपूर. जवळा तर सालासकटच खातात, म्हणून त्यात कॅल्शियमही मिळतं.

बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट-आंबट कालवण करा. लाल मिरची, हळद, धणे वाटून, आमसुलं घालून, चार तिरफळं (उग्र वासाचं मसाल्याचं फळ) ठेचून टाकायची. बांगडा त्या रसात शिजतो. तेल वरून चमचाभर. आंबट नीट लागलं की मीठही कमी पुरतं. सोबत सोलकढी हवीच, पण आमसुलं भिजवून केलेली. बाटलीतल्या कोकम सरबतात साखर आणि विकतच्या आगळात, म्हणजे खारवलेल्या कोकमाच्या रसात मीठ, दोन्ही हात राखून वापरावं.

राहिला तेलाचा हिशेब. आहारतज्ज्ञ साधारण माणशी महिना अर्धा लिटर सांगतात. चार माणसांच्या घरात महिन्याला दोन लिटर. आपल्या घरात किती लागतं, हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. सिलिंडर लावला की आपण कॅलेंडरवर तारीख लिहितो. या महिन्यापासून तेलाची पिशवी फोडली की तीही लिहा.